दोनशे पन्नासच्या आसपास

अरुणकुमार जे बोलला ते हसत बोलला, आणि हसत बोललं गेल्यामुळेच ते रत्नमालाला लागलं. "दीदी, ये किसका डेटा है? घर बैठके बनाया है क्या?" तो फ्लॉपी न्यायला आला होता. चपला दाराबाहेर काढून, काचेच्या ग्लासातला चहा सांभाळत तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि स्क्रीनवरचे हिरवे आकडे वाचू लागला. बोलायच्या आधी त्याने त्यावर फारसा विचारही केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो प्रयोगशाळेत नवा आला तेव्हा तिनेच त्याला शिकवलं होतं, की वक्ररेषा छान बसली म्हणून आधी हुरळून जायचं नाही. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर राहिला तो रकाना आधी बघायचा. पोरगा शिकलेला धडा म्हणून दाखवत होता, एवढंच. "किसी का नहीं," ती म्हणाली आणि तिने कळ दाबून पडदा कोरा केला. अरुणकुमारने फ्लॉपी शर्टाच्या खिशात टाकली, "गोल्ला साहब के पास हूँ" म्हणाला आणि गेला. त्याच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान रेघ उघडझाप करत राहिली. रत्नमालाचे दोन्ही हात कळफलकावर तसेच होते, आणि आपल्याला घाम फुटला आहे हे त्या गारठवलेल्या खोलीत तिला उशिरा कळलं.

त्या खोलीचा मान देवघरासारखा होता. अख्ख्या विभागात वातानुकूलन तिथेच, कॉम्प्युटरसाठी. माणसं बाहेर पंख्याखाली. मशीनवर कापडाची खोळ, कळफलकावर वेगळी खोळ. रेषा बसवायचा प्रोग्राम कोणी साहेबाने बेंगलोरहून फ्लॉपीवर आणला होता. त्यात चित्र नाही, रंग नाही. पडद्यावर प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, मग आकड्यांच्या फाइलचं नाव, मग रेषेचं सूत्र, आणि मग तो विचारायचा: सुरुवातीचा अंदाज काय? नवी माणसं नेमकी इथे अडायची. उत्तर ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं, असा त्यांचा चेहरा व्हायचा. रत्नमाला त्यांना सांगायची, उत्तर नको सांगू, उत्तराच्या जवळपासचं काहीतरी सांग; फार लांबून सुरुवात केलीस तर तो भरकटतो आणि हात हलवत परत येतो. अंदाज दिला की सहा-सात ओळी सरसर खाली उतरायच्या, दर ओळीला चूक थोडी कमी, आणि शेवटी उत्तर. अकरा वर्षं तिने लोखंडाच्या भट्टीतल्या मळीवर, वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या गाळावर, काम केलं होतं. मळी किती तापली की किती पातळ होते, याच्या शेकडो रेषा. त्या कामात तिचा हात धरणारं विभागात कोणी नव्हतं, हे साहेब लोकही मान्य करत, फक्त तिच्या तोंडावर नाही.

आजची फाइल मळीची नव्हती. तिचं नाव डी-वन होतं, आणि तो डी धोंडबाचा होता. धोंडबा म्हणजे तिचे बाबा. वय सहासष्ट, आयुष्यभराच्या बिड्यांनी फुप्फुसं पोखरलेली. डॉक्टरांनी डिसेंबरात फुंकायचं एक मीटर घ्यायला लावलं होतं. प्लास्टिकची नळी, तिच्यावर दहा-दहाच्या खुणा, आणि फुंकर घातली की पुढे सरकणारा लाल काटा. काटा गेला तिथेच थांबतो. वाचून झालं की बोटाने परत खाली आणायचा. रोज सकाळी एकदा फुंकायचं आणि वहीत लिहायचं. नाताळाच्या आदल्या दिवसापासून कालपर्यंत अठ्ठावन्न आकडे झाले होते. रविवारी तिला दोन वर्षांसाठी रांचीला जायचं होतं, दुर्गहून गाडी होती, रिझर्व्हेशन झालं होतं. जाण्याआधी सगळे आकडे एकदा बसवून डॉक्टरांना कागद द्यावा आणि एक प्रत बॅगेत ठेवावी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिने ते मशीनमध्ये टाकले होते. बॅगेत ठेवावी, म्हणजे तिकडे परक्या खोलीत रात्री उघडून बघता येईल. मनातलं खरं कारण ते होतं.

पहिले चोवीस आकडे तिने स्वतः समोर उभं राहून घेतलेले. दोनशे सत्तरपासून उतरत उतरत दोनशे दहा, तेही धड उतरत नव्हते. एक दिवस वीसने वर, दुसऱ्या दिवशी तीसने खाली, कुडकुडणाऱ्या माणसाने ओढलेल्या रेघेसारखे. पुढचे चौतीस दोनशे पन्नासच्या आसपास. श्वासातून ओढायचं नवं औषध लागू पडलं, असं घरात सगळे म्हणत होते. सगळे म्हणजे ती आणि बाबा. पण त्या चौतीसांचा दुराव्याचा रकाना बघितला तर कुठलाही आकडा रेषेपासून पाचाच्या पलीकडे जात नव्हता. मीटरच मुळात एवढं नेमकं नव्हतं. एकाच मिनिटात एकाच माणसाने तीनदा फुंकलं तरी वीसाचा फरक पडतो, तो तिने पहिल्याच दिवशी स्वतः फुंकून पाहिला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे ती चिन्हं. अधिक, उणे, अधिक, उणे, अधिक, उणे. चौतीस दिवस, एकदाही दोन अधिक लागोपाठ नाहीत.

तेव्हा तिला पंपहाऊस आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा त्याचा वास आला, ग्रीसचा आणि ओल्या सिमेंटचा. बाबा साकोलीकडच्या गावाहून आले ते पोलाद कारखान्याच्या टाउनशिपच्या पाण्याच्या पंपांवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. दर तासाला पाण्याच्या दाबाचं गेज वाचायचं आणि शीटवर लिहायचं, हे त्यांचं काम. गेजसमोर उभं राहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा धर्म. एकदा अंगात ताप असताना ते सायकल स्टँडवरून परत चालत गेले होते, कारण चार पूर्णांक दोन वाचलं की तीन, याची त्यांना शंका आली. आई तेव्हा जेवणाचं ताट झाकून बसली होती आणि म्हणाली होती, "यायले पाण्याची काळजी, माही नाई." सात-आठ वर्षांची रत्नमाला डबा घेऊन गेली की बाबा तिला उचलून गेजसमोर धरायचे. पंपाचा आवाज पोटात घुमायचा. "पाय," ते कानाशी ओरडायचे, "काटा थरथरून राहिला न? एकदा वर, एकदा खाली. थो मेला नाई, चालू हाय. आपण मधातला आकडा धराचा." तिच्या आयुष्यातलं पहिलं मोजमाप ते. वर, खाली, वर, खाली. माणसाचा श्वास पंपासारखा थरथरत नाही, तो कसाही वागतो, हे त्यांना कोण सांगणार होतं? खरा वाटेल असा खोटा आकडा लिहायला बसले तेव्हा त्यांनी ठाऊक असलेला एकमेव खरा काटा आठवला आणि तसे लिहिले.

जानेवारीत रांचीच्या संशोधन केंद्राचं कामाला बोलावणारं पत्र आलं होतं. असं पत्र तिला याआधी दोनदा आलं होतं आणि तिने दोनदा नाही म्हटलं होतं. एकदा आईच्या आजारात, एकदा आई गेल्यावर. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि चौथं पत्र येत नसतं. तिने बाबांना सरळ सांगितलं होतं, रीडिंग महिनाभर एका पातळीला राहिलं तर जाईन, उतरलं तर नाही. बाबा म्हणाले, "बराबर हाय." दुसऱ्याच दिवशी, सतरा तारखेला, त्यांनी वही आपल्याकडे घेतली. "तू कायले उभी राहतं वं? उठल्या उठल्या खोकला असते. दहा वाजता आरामात घेईन म्या. आजपर्यंत काय गवत कापलं? गेजच वाचले ना?" तिला ते पटलं. फक्त पटलं नाही, बरं वाटलं. सकाळची बस धरायची असायची. दर रविवारी बाबा तिच्यासमोर वही ठेवायचे आणि खाली सही मागायचे, पंपहाऊसमध्ये पाळी संपली की इन्चार्जची व्हायची तशी. सहीशिवाय पान बंद होत नाही, हा त्यांचा नियम. आणि तिने चार-पाच रविवार सही केली होती. न बघता.

न बघता? हे तिने स्वतःला त्या थंड खोलीत विचारलं, आणि उत्तर आवडण्यासारखं नव्हतं. पोराटोरांच्या डेटातली लबाडी ती लांबून ओळखायची. तिच्यासमोर दोनशे पन्नासच्या आसपासचे आकडे आठवड्याला सातच्या हिशेबाने येत होते, आणि तिने ते एकदाही मशीनमध्ये टाकले नाहीत. आज टाकले, रिझर्व्हेशन झाल्यावर. तिला त्या सपाट रेषेची गरज होती. तिला जायचं होतं. सेक्टर दहाच्या या क्वार्टरमधून, खोकल्याच्या आवाजातून, दर संध्याकाळी सिविक सेंटरला औषध घ्यायला जाऊन तिथल्या त्याच बाकावर पाच मिनिटं बसण्यातून तिला जायचं होतं, इतकं की कधीकधी बसमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाबांना ते दिसलं असणार. काटा वाचणाऱ्या माणसापासून काय लपतं? म्हणजे खोटे आकडे त्यांनी लिहिले आणि मागणी तिची होती. तिला स्वतःची शिसारी आली.

तिने पुन्हा प्रोग्रामचं नाव टाइप केलं. या वेळी पहिले चोवीसच दिले. सूत्र उताराचं, दर दिवशी थोडं थोडं घटत जाणारं. सुरुवातीचा अंदाज विचारला गेला तेव्हा तिची बोटं थोडी थांबली. मग तिने दोनशे सत्तर लिहिलं आणि पुढे एक लहानसा दशांश. सहा ओळी उतरल्या. आता ती रेषा पुढे ओढून आजच्या दिवसावर, एकोणसाठाव्या दिवसावर काय येतं, एवढंच राहिलं होतं. तिने विचारलं. एकशे त्रेचाळीस. पडद्यावरचा आकडा तिने कागदावर उतरवला नाही. एकशे पन्नासच्या खाली गेलं तर माझ्याकडे घेऊन या, उशीर करू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि आणून तुम्ही काय कराल, असं तिने विचारल्यावर ते टेबलावरचे कागद नीट करू लागले होते.

तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. निघण्याआधी बाहेरच्या टाइपरायटरवर चार ओळींचं पत्र टाइप केलं, की कौटुंबिक अडचणीमुळे मला रांचीला रुजू होता येत नाही, क्षमस्व. तिसऱ्यांदा तेच लिहायचं होतं, शब्द शोधावे लागले नाहीत. घडी करून पत्र पर्समध्ये ठेवलं आणि ती उन्हात बाहेर पडली. फेब्रुवारीचं ऊन अजून सोसवत होतं. रुंद रस्ता, सारखी झाडं, सारखी क्वार्टरं, फाटकांवर सारख्या पाट्या. या गावात माणूस हरवत नाही आणि सापडतही नाही, असं तिला नेहमी वाटे. फाटकाशी शेजारच्या गिरजाबाई गहू निवडत बसल्या होत्या. रत्नमाला गेल्यावर बाबांचा डबा त्याच देणार होत्या. तिला अवेळी पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बरं झालं तू आली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "सकाळच्यानं लय खोकलून राहिले बाबा. मले म्हणतेत, रत्नीले नोको सांगू, थे जाऊन राहिली. म्या कावून सांगू, म्हटलं. पन आता तू सामोरच आली त." "किती दिवसांपासून?" रत्नमालाने विचारलं. गिरजाबाईंनी गव्हातला एक खडा उचलून फेकला. "संकरांतीच्या मागूनच म्हण ना," त्या म्हणाल्या.

बाबा आत टेबलाशी बसून झोपले होते. आताशा त्यांना आडवं होऊन झोप येत नसे. टेबलावर उशी, उशीवर हात, हातांवर डोकं. पाठ वर-खाली होत होती आणि मानेच्या दोन्ही बाजूंना खळगे पडत होते. भिंतीवर दोन तसबिरी, त्यांना सकाळीच घातलेली ताजी फुलं. म्हणजे तेवढं उभं राहिले होते. कोनाड्यात वही होती, वहीवर मीटर, आणि लाल काटा खाली आणलेला नव्हता. तो एकशे चाळीसवर होता. तिने मीटर हलू न देता दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर ठेवलं. मग वही उघडली. वीस फेब्रुवारी, सकाळी दहा, दोनशे पंचावन्न. अक्षर नेहमीचं, मोत्यासारखं, शाईचं. ती समोरच्या स्टुलावर बसून राहिली.  तसबिरींना फुलं घालणारा माणूस, फुंकून झाल्यावर खोकत खोकत काटा खाली आणायला विसरलेला, आणि तरी वहीत सुबक अक्षर काढणारा. या तिघांना एका माणसात बसवता येईना.

"कावून वं, आज लवकर?" बाबांनी डोकं वर न करताच विचारलं.

"काम नव्हतं," ती म्हणाली. "बाबा, आज किती आलं?"

"लिवलं हाय ना. दोनशे पंचावन."

"आन हे?"

बाबांनी मान उचलली. मीटरकडे पाहिलं. गेज वाचताना ते एक डोळा मिटून काट्याच्या अगदी समोर यायचे, तिरक्या नजरेने वाचायचे नाहीत. आताही त्यांनी तेच केलं, सवयीने. टेबलावर वाकले, डोळा मिटला. "एकशे चाळीस," ते म्हणाले. गेज चुकीचं वाचणं त्यांना जमणारच नव्हतं. मग ते मागे टेकले. "खोकला आला. काटा खाली कराले इसरलो."

"रोज फुंकता तुमी?"

"मंग? पायल्याशिवाय कसं लिवाव?"

तिला हसू आलं असतं, दुसऱ्या कोणत्याही दिवशी. "पायता एक आन लिवता एक," ती म्हणाली.

"हो." त्यांनी लपवलं नाही. खिडकीतून येणारा उन्हाचा तुकडा त्यांच्या हातावर पडला होता, तो हात त्यांनी उलटा करून पाहिला. "तुले कसं समजलं?"

"तुमी एक वर, एक खाली लिवलं. सारखं. पंपावानी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ती मॅट्रिकला जिल्ह्यात पहिली आली त्या दिवशी. "म्हणजे मशीननं धरलं?" ते म्हणाले आणि स्वतःच मान हलवली. "नाई. तू धरलं."

"मी जात नाई, बाबा." तिने पर्समधून पत्र काढून टेबलावर ठेवलं. "टाइप करून आणलं. उद्या देऊन टाकते."

त्यांनी पत्राला हात लावला नाही. "किती झाले थे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"खोटे. किती झाले?"

"आजचं धरून पस्तीस."

"पस्तीस." त्यांनी श्वास घेतला, तो पुरला नाही, पुन्हा घेतला. "पंचवीस वर्सं शीट लिवली. एक नाई लिवला तसा. एक बी नाई. कोनी म्हणून दाखवाव." इथे ते थांबले आणि टेबलाची कड धरून राहिले. "आन घरी बसून पस्तीस लिवले. तू नाई जाशीन, त म्या कायले लिवले थे?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढवायला छातीत काही नव्हतंच. एवढं वाक्य बोलताना ते तीनदा थांबले, आणि रत्नमालाला तिन्ही वेळा वाटलं, आता उठून पाठीवरून हात फिरवावा. ती उठली नाही. तिला वाटलं, आपण हात लावला तर हा माणूस आपल्यादेखत मोडेल.

"तू अठी बसशीन," ते मग हळू म्हणाले, "त काटा वर येते काय? सांग. तू त शिकली हायेस."

याचं उत्तर तिला येत होतं. दुपारी सहा ओळींत आलं होतं. सुरुवातीचा अंदाज कुठलाही द्या, उतार तोच निघतो. त्या सूत्रात ती इथे आहे की रांचीला, याला जागाच नव्हती. पण हे बापाला तोंडाने कसं सांगायचं? ती नुसती मान खाली घालून बसली, आणि ते उत्तर त्यांनी वाचलं. त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. टेबलाच्या खणातून जुनं शाईचं पेन काढलं, टोपण काढायला त्यांना दोनदा जोर करावा लागला. "आज गुरुवारच हाय," ते म्हणाले, "पन रविवारी तू घाईत राहशीन. आजच करून टाक."

पान भरलेलं होतं. दोनशे पन्नास, दोनशे पंचेचाळीस, दोनशे पंचावन्न, वर, खाली, वर. खाली आडवी रेघ, आणि रेघेखाली सहीपुरती जागा. या पानावर सही केली तर तिला ठाऊक असून केली असं होईल. आधीच्या सह्यांसारखी ही नसेल. केली नाही, तर पस्तीस आकडे उघड्यावर पडतील, त्यांच्या नावाने, कायमचे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. एकशे चाळीसकडे एकदा पाहिलं, मग बोटाने काटा हळूच खाली शून्यावर आणला, आणि पेन घेतलं. आखूड सही न करता तिने पूर्ण नाव लिहिलं, रत्नमाला धोंडबा रामटेके, शाळेतल्या वहीवर लिहायची तसं, आणि खाली तारीख घातली. शाई जाड उतरली. टेबलावरचं पत्र घडी करून तिने पर्समध्ये परत ठेवलं.

बाबांनी वही ओढून घेतली. नाव वाचलं, तारीख वाचली, मान हलवली. मग वर्षानुवर्षांच्या सवयीने ते पानावर वाकले आणि सही वाळावी म्हणून त्यांनी फुंकर घातली. पानाचा कोपरासुद्धा हलला नाही. ओली शाई तशीच चमकत राहिली. त्यांनी ओठ पुन्हा गोल केले आणि फुंकण्याआधी तिच्याकडे बघितलं. रत्नमाला उठली आणि रविवारच्या गाडीत न्यायचा डबा फडताळात शोधू लागली, त्यांच्याकडे पाठ करून, बराच वेळ.